सह्या केलेले कोरे फॉर्म

गेल्या रविवारी सांगलीला जाऊन एक जुनी हिरो एक्सपल्स २०० बघितली. तीन वर्षं डोक्यात असलेली गाडी. कोयना, चांदोलीकडच्या कच्च्या वाटा हिंडायच्या तर पुढचं २१ इंची चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, आणि जुनी घेतली तर खिशालाही परवडणारी.

आमच्या मिस्त्रींना सोबत नेलं होतं. त्यांनी सगळ्यात आधी इंजिनला हात लावला. गार होतं. "बरं झालं. आधीच तापवून ठेवलेली गाडी स्टार्टिंगचा त्रास दाखवत नाही." मग रिमला कुठे ठोकर आहे का, पुढच्या शॉकअपच्या सीलमधून तेल गळतंय का, चालवताना हँडल एका बाजूला ओढतं का, सगळं बघून झालं. "या गाड्या रानात पडायच्याच. पडलेली चालेल, चेसिस वाकलेली नको," एवढंच म्हणाले.

गाडी पास झाली, सौदा ठरला. मालक भला माणूस. म्हणाला, "पैसे द्या, चावी घ्या. टीटीओच्या फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात. नाव सवडीने चढवा."

तिथे मी थांबलो.

२०१५ साली माझी जुनी गाडी मी अशीच विकली होती. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि विसरून गेलो. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. चार वर्षांनी घरी नोटीस आली. त्या गाडीने पायी चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतमजुराला उडवलं होतं. त्यांचा पाय गेला. गाडीचा विमा नव्हता. आणि आरसीवर मालक कोण, तर मी!

वकिलांना म्हटलं, अहो, गाडी विकून चार वर्षं झाली. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल समोर ठेवला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातही गाडी हातोहात विकली गेली होती. कोर्टाने सांगितलं, नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

शेवटी तडजोड झाली. बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे भरले. ते दुःख ओसरलं. पण गाडी नक्की कोणाच्या ताब्यात होती, हे शोधण्यातच त्या बाबांची दोन वर्षं गेली. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून कोर्टाच्या पायऱ्या चढणारे बाबा अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. अपघात मी केला नव्हता. पण त्यांच्या फरपटीत माझ्या सहीचा वाटा होता.

कायदा काही अवघड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. त्यासाठीच फॉर्म २९ आणि ३० असतात. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५. थकलेली ई-चलानं आधी बघा, चेसिस नंबर आरसीशी जुळवा आणि विमाही आपल्या नावावर करून घ्या.

मालकाला जरा राग आला. "विश्वास नाही का?" म्हणाला. मी म्हटलं, "दादा, तुमच्यासाठीच सांगतोय. उद्या मी कुणाला धडकलो तर नोटीस तुमच्या दारात येईल." मग बाबांची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "मंगळवारी रजा टाकतो. जाऊ दोघं."

मंगळवारी अर्ज भरला, मगच चावी घेतली. येताना मिस्त्री म्हणाले, "आता झाली गाडी तुमची."

मंडळी, तुमच्या नावावर आहे पण तुमच्या दारात नाही, अशी एखादी गाडी आहे का? आज रात्री जरा आठवून बघा.