दमलेला हात

बरीच वर्षं मी इथे नुसती वाचत आलेय. आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर कोल्हापूर, शिवाजी पेठ. सासर हरमल, पेडणे तालुका, गोवा. माहेरहून येताना मी जे काही आणलं, त्यात एक वस्तू बघून सासरची मंडळी चाट पडली होती. जुन्या धोतरात गुंडाळलेला दांडपट्टा. सासूबाई म्हणाल्या, "हें कितें गो हाडलें?" मी म्हटलं, "आई, हा माझा खेळ आहे." त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि वर हळदकुंकू वाहिलं. विषय तिथेच संपला.

आमच्याकडे याला मर्दानी खेळ म्हणतात. लाठी, फरी-गदका, बोथाटी, विटा आणि शेवटी पट्टा. मी शिकले १९९४-९५ च्या सुमारास. पेठेतल्या तालमीत आम्ही दोन-तीनच मुली. वस्ताद पहिले सहा महिने नुसते पवित्रे घालायला लावायचे. हातात काही नाही, पायच टाकायचे. मग लाठी, मग गदक्यावर तमाचा, बाहेरा, शीर असे वार. पट्टा हातात यायला मला तीन वर्षं लागली.

ज्यांनी पट्टा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तलवारीला मूठ असते, पट्ट्याला लोखंडी खोळ. हात कोपरापर्यंत आत जातो आणि आतला आडवा दांडा मुठीत धरायचा. पुढे चारेक फुटांचं लवचीक पातं. मनगट आत अडकलेलं असल्यामुळे वळत नाही. सगळा खेळ खांदा, कंबर आणि पायांचा. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला जिवा महालांनी सय्यद बंडाचा वार अडवला तो पट्ट्यानेच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

वस्ताद एक गोष्ट नेहमी सांगायचे. कुणी जोशात येऊन जास्त खेळायला लागलं की हलगीवाल्याला हातानं थांबवायचे आणि म्हणायचे, "बास की आता. दमलेला हात मालकाचं ऐकत न्हाई." तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच अडवतोय. या वाक्याची किंमत मला वयाच्या चाळिशीत कळली.

हरमलला आल्यावर दहा-बारा वर्षं पट्टा दसऱ्यापुरताच कोनाड्यातून खाली यायचा. घर, मुलं, पर्यटकांना दिलेल्या चार खोल्या. ऑक्टोबर ते मार्च चादरी धुण्यातच जीव जायचा. मग एका शिवजयंतीला गावातल्या पोरांनी विचारलं, "बाई, आम्हांला शिकवाल?" सहा जणांनी सुरुवात झाली. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर आम्ही पवित्रे घालायचो. वर्षभरात पंचवीस मुलं झाली, त्यात चौदा मुली. पावसात देवळाचा मंडप मिळाला.

एका नोव्हेंबरात आमच्या खोलीत एक जर्मन पाहुणा उतरला होता. संध्याकाळी वाळूवर आमचा वर्ग बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यानं सांगितलं की तोही तलवार खेळतो. ऑलिंपिकमधली नव्हे, दोन हातांनी धरायची मध्ययुगीन तलवार, वजन दीड किलोच्या आत. त्यांच्याकडे ही विद्या मध्येच तुटली, शिकवणारं कुणी उरलं नाही. इटलीतल्या फिओरे नावाच्या उस्तादानं १४१० च्या सुमारास लिहिलेल्या पोथीसारखी जुनी पुस्तकं उघडून, चित्रं बघून ते एकेक पवित्रा पुन्हा उभा करतात. मी म्हटलं, आमचं उलटं. आमच्याकडे वस्ताद आहेत, पुस्तकं फार थोडी.

जाताना त्यानं विचारलं, "तुम्ही स्वतःसाठी सराव कधी करता?" मी चटकन म्हटलं, "रोजच! शिकवते की." तो हसला, बोलला काही नाही.

त्याच सुमारास गावात जिम सुरू झाली. गुडघे कुरकुरायला लागले होते, डॉक्टरांनीही वजन उचलायचा सल्ला दिला होता, म्हणून जायला लागले. खरं सांगू? मजा यायला लागली. पाच किलोच्या डंबेलवरून दहावर गेले. पहाटे साडेपाचला जिम, मग पाहुण्यांचा नाश्ता, खोल्या, स्वयंपाक, संध्याकाळी वर्ग. रात्री सगळे झोपले की अंगणात अर्धा तास माझा पट्टा. आमचे हे म्हणायचे, "अगं, एखादा दिवस तरी बस." मी म्हणायचे, बसले तर गंज चढेल.

२०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला. पाहुणे वाढले, कामही वाढलं. त्यात १९ फेब्रुवारीला डिचोलीच्या बाजूला शिवजयंतीचा कार्यक्रम ठरला. उजवा खांदा महिनाभर दुखत होता. हात वर नेला की आत काहीतरी चिमटा घ्यायचं. मी कुणाला बोलले नाही. शिकवणाऱ्या बाईनं दुखतंय म्हणायचं म्हणजे कसंसंच वाटायचं. एकदा भाकरी थापताना सासूबाई म्हणाल्या, "तुजो हात आज जड दिसता गो." मी हसून उडवून लावलं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी तालीम होती. सकाळी जिममध्ये डोक्यावर वजन ढकलायचा व्यायाम केला होता, नेहमीपेक्षा अडीच किलो जास्त लावून. संध्याकाळी शेवटचा खेळ लिंबाचा. मुलानं तळहातावर लिंबू धरायचं, मी पट्ट्यानं ते कापायचं. तुम्ही कार्यक्रमांत पाहिलं असेल, टाळ्या पडतात त्याला. पातं लिंबातून गेलं की तिथल्या तिथे थांबवायचं असतं. तो थांबा म्हणजेच खरा खेळ. हा खेळ मी शेकडो वेळा केला होता.

त्या दिवशी पातं थांबलं नाही.

फार नाही, दोरा भरेल एवढंच खाली गेलं. पंधरा वर्षांच्या पोराच्या तळहातावर लाल रेघ उमटली. तो ओरडलासुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, काही नाही, काही नाही." तीन टाके पडले. बोटांना काही झालं नाही, ही देवाची कृपा.

रात्री मी त्याच्या घरी गेले. त्याचे वडील होडीवर गेले होते. आई दारातच बसली होती. ती भांडेल, निदान रडेल तरी, अशी मनाची तयारी करून गेले होते. तिनं मला पाणी दिलं, आणि एकच प्रश्न विचारला. "बाई, तुम्ही दमला होता का?"

मी होय म्हटलं.

"मग सांगायचं होतं," ती म्हणाली. "आमचे दमले असले की होडी काढत नाहीत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वस्तादांचं वाक्य मला तोंडपाठ होतं, मुलांनाही दहादा ऐकवलं होतं. फक्त स्वतःला लावलं नव्हतं.

त्या वर्षी मी पट्टा खेळले नाही. लिंबाचा खेळ रद्द केला. मोठ्या मुलींनी लाठी केली, छान केली. मी बाजूला उभी राहून हलगीवर ताल धरला.

नंतर शिवोलीचा पूल ओलांडून म्हापशाला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी मला आठवड्याचा हिशेब कागदावर लिहायला लावला. लिहून बघितल्यावर माझी मलाच लाज वाटली. सहा दिवस जिम, सहा दिवस वर्ग, सातही रात्री पट्टा. त्या म्हणाल्या, "खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारे चार छोटे स्नायू असतात. हात जोरात फेकला की त्याला आवरायचं काम मागचे स्नायू करतात. तुम्ही जिममध्ये सगळं ढकलायचं करताय, ओढायचं काहीच नाही."

म्हणजे वार करायला छाती लागते आणि वार थांबवायला पाठ. मी वर्षभर वार मोठा करत होते आणि थांबवणारा भाग उपाशी ठेवला होता.

त्यांनी रबरी पट्टा बांधून हात बाहेर वळवायचे, मागे ओढायचे व्यायाम दिले. करताना हसू आलं, कारण तालमीत आम्ही मुद्गल फिरवायचो तेव्हा खांद्याची जी जागा गरम व्हायची, तीच इथे गरम होत होती. मुद्गल म्हणजे आपली जुनी जिमच. इंग्रजांनी ते आपल्याकडे पाहिले, युरोपात नेले, आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तसे दांडके फिरवायची स्पर्धासुद्धा झाली होती. आणि मी मात्र ते तालमीच्या कोपऱ्यात सोडून आले होते.

उजव्या हाताला दोन महिने सुट्टी. वर्ग बंद करणार होते, पण मुलं ऐकेनात. मग खुर्चीत बसून शिकवायला लागले. करून दाखवता येईना, म्हणून शब्दांत सांगावं लागलं. "उजवा पाय पुढे" एवढ्यानं भागेना. टाच कुठे, नजर कुठे, श्वास कधी सोडायचा, सगळं बोलावं लागलं. मुलं पूर्वीपेक्षा नीट शिकली! तेव्हा त्या जर्मन पाहुण्याच्या हसण्याचा अर्थ लागला. शिकवताना मी अर्धा वार करून थांबायचे, कुणाचा कोपर सरळ करायचे, पुन्हा थंड हातानं पुढचा वार दाखवायचे. त्यात माझा सराव काहीच होत नव्हता. थकवा मात्र पुरेपूर जमा होत होता.

मग विचार केला की जुने लोक हे कसं जमवत असतील. मराठ्यांची फौज पावसाळ्यात घरी किंवा छावणीत असायची. दसऱ्याला शस्त्रपूजा, सीमोल्लंघन, आणि मग मोहीम. बारा महिने कुणी लढत नव्हतं. आमच्या डिचोलीकडे शिगम्याला घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन माणसं नाचतात. शेतात, कुळागरात वर्षभर राबणारी माणसं, पण हातात तलवार येते ती शिगम्याला. मी एकाच दिवसात तिन्ही गोष्टी कोंबत होते. वाटायचं होतं ते वर्ष.

आता माझं गणित असं आहे. जून ते सप्टेंबर पाहुणे नसतात, तेव्हा जिम आठवड्यातून तीन दिवस. ओढायचे व्यायाम ढकलायच्या दुप्पट, डेडलिफ्ट, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं, शेवटी मुद्गल. या दिवसांत पट्टा एकदाच. दसऱ्यानंतर जिम दोन दिवसांवर, तीही हलकी, आणि पट्टा तीन दिवस, सकाळी, ताज्या हातानं. वर्ग फक्त शनिवार-रविवार, आणि मोठ्या मुली लहानांना शिकवतात. कार्यक्रमाआधीचे दहा दिवस जिम बंद. जिमच्या दिवशी धार असलेलं हत्यार हातात घ्यायचं नाही, हा घरातला कायदा. लिंबू आता दोरीला टांगून कापते. टाळ्या थोड्या कमी पडतात, पडू देत.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. डिसेंबरात खोल्या भरल्या की माझी सकाळ हमखास जाते. पूर्वी ती सकाळ मी रात्री भरून काढायचे. आता गेली तर गेली.

२०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. आमच्या वर्गात पेढे वाटले. सासूबाईंनी कोनाड्यातल्या पट्ट्याला पुन्हा हळदकुंकू वाहिलं, जणू त्यांच्याच सुनेला पदक मिळालंय.

तो मुलगा पावसाळ्यानंतर परत आला. मी त्याला बोलवायला गेले नव्हते, तोंड नव्हतं. त्याची आईच घेऊन आली. तळहातावरची रेघ आता पुसट झालीय.

वर्ग सुरू व्हायच्या आधी आम्ही गोलात उभे राहतो. प्रत्येकानं आपला हात कसा आहे ते खरं सांगायचं. "बरा आहे", "दुखतोय", "काल क्रिकेट खेळलो, जड आहे." शेवटी तो माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "बाई, तुमचा?"

परवा मी म्हटलं, "आज दमलाय रे." त्यानं माझ्या हातातली लाठी घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्ची आणून दिली.

तुमच्या घरात, गावात कुणी लाठी, पट्टा, मल्लखांब खेळत होतं का? त्यांचा वर्षाचा क्रम कसा असायचा? आठवत असेल तर खाली जरूर लिहा. आमच्या मुलांना वाचून दाखवेन.