टाकी ते पंप

जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन चढवले की बघणारे बॉनेटभोवती गोळा होतात. इंजिन कुठले, किती सीसीचे, गिअरबॉक्सला अडॅप्टर कुणी करून दिला, असे प्रश्न निघतात. तो मात्र पोते अंथरून गाडीखाली सरकतो आणि बॅटरीचा झोत चॅसीच्या कडेकडेने नेत टाकीपासून पंपापर्यंतची नळी बघून घेतो. ती कुठे वळली, कुठे घासते, कुठे नुसतीच लोंबते, यावरून काम करणाऱ्याचा हात त्याला कळतो. सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात त्याचे गॅरेज आहे. त्याच्या आजवरच्या आयुष्याची विभागणी करायचीच झाली, तर ती अशा नळ्यांवरून करता येईल.

पहिली नळी पेट्रोलची. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, लष्कराच्या लिलावातून निघालेली जीप घेतली होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल आपल्याकडे दीर्घकाळ बनत राहिले. बॉनेट उंच, कारण आतले सुमारे २,२०० सीसीचे हरिकेन इंजिनच आधीच्या इंजिनापेक्षा उंच. टाकी चालकाच्या सीटखाली. तिथून एक धातूची नळी निघायची, ती इंजिनावरच्या पंपाकडे आणि पुढे कार्बोरेटरकडे. जायला एक वाट, परत यायला काहीच नाही. पेट्रोल लागेल तेवढेच वर जाई.

एवढ्या साध्या मांडणीचीही उन्हाळ्यात परीक्षा होई. भरल्या गाडीने घाट चढताना इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होई. द्रव ओढण्यासाठी केलेल्या पंपाला ती वाफ पुढे ढकलता येत नसे, आणि जीप ऐन वळणावर गप्प होई. अण्णा पंपावर ओले फडके टाकत आणि खिशातल्या विडीला हात न लावता बाजूला उभे राहत. पाण्याचा डबा सांभाळणे हे पोराचे काम. नळी गळत नसली, तरी ती गरम भागाजवळून गेली की गाडी अडते, हे त्याला शाळेतल्या विज्ञानाच्या आधी कुंभार्ली घाटाने शिकवले.

मग डिझेल आले. ते पेट्रोलपेक्षा स्वस्त, आणि गाडी त्यावर जास्त पळायची. १९८० नंतर गावोगाव जीपमधली पेट्रोल इंजिने उतरू लागली. प्यूजोच्या तंत्राने इगतपुरीला बनणारी २,११२ सीसीची डिझेल इंजिने महिंद्राच्या नव्या गाड्यांत आलीच होती. तीच आता जुन्या जीपमध्ये बसू लागली. वडापवाल्यांना तर दुसरा हिशोब परवडणाराच नव्हता. दहावी झाल्यावर तो ज्या मिस्त्रींकडे हाताखाली राहिला, त्यांच्या दारात अशा जीपची रांग असे.

इंजिन बसवण्याचे कौतुक त्याला पहिले काही महिनेच वाटले. माउंटिंग जुळवून ते एकदा बसले की बसले. खरी कटकट पुढे. डिझेल इंजिनाचा पंप लागते त्याहून जास्त डिझेल ओढतो. इंजेक्टरमधून पाझरलेले आणि पंपातून उरलेले डिझेल टाकीत परत न्यावे लागते. पेट्रोलच्या टाकीला ते घ्यायला तोंडच नसे. टाकी उतरवायची, धुवायची, आत वाफ साठायला जागा उरू नये म्हणून पाण्याने भरायची आणि मगच ब्रेझिंग करून नवे निपल बसवायचे. तेही ओढणाऱ्या नळीपासून लांब, नाहीतर परतीच्या डिझेलचा फेस लगेच पुन्हा ओढला जातो. इंजिन टांगलेले असतानाच मिस्त्री म्हणत, “लेका, आधी परतीचं बघ. जायचं कुणीही जोडतं.”

दुसरा धडा न दिसणाऱ्या गळतीचा. टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तिथे सुईएवढे छिद्र पडले, तर बहुतेक वेळा थेंबही बाहेर पडत नाही. उलट हवा आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी चालक स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवतो. अशा गाडीचा नोझल, पंप, सगळे उघडून झालेले असे. मिस्त्री मात्र मधल्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी घालत आणि बुडबुडे दाखवत. दोष बहुधा बेंजो बोल्टच्या दबलेल्या तांब्याच्या वायसरात, किंवा चॅसीच्या भोकाच्या धारेवर घासलेल्या नळीत निघे. भोकात एक रबरी ग्रोमेट घातला असता, तर ते टळले असते.

तांब्याची नळी वळवायला सोपी, पण सतत थरथरली की कडक होते आणि फ्लेअरच्या गळ्याशी तडकते. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलते, चॅसी आपल्या तऱ्हेने पिळवटते. खडकाळ वाटेवर तर दोघांची दिशा वेगळी. म्हणून चॅसीवर स्टीलची नळी, ठरावीक अंतरावर रबर लावलेल्या क्लिपा, आणि चॅसीवरून इंजिनाकडे जाताना थोडी सैल लवचिक नळी, ही त्याची स्वतःची पद्धत तिथे ठरली. सायलेन्सरची बाजू सोडायची, प्रोपेलर शाफ्टपासून लांब राहायचे आणि चॅसीच्या खालच्या कडेपेक्षा नळी खाली उतरू द्यायची नाही, म्हणजे दगड आधी लोखंडाला लागतो.

आता वडापच्या जीप थोड्या उरल्या. पुण्या-कोल्हापुरातून हौशी मंडळी येतात. त्यांना जुन्या सांगाड्यात इंजेक्शनचे पेट्रोल इंजिन हवे असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ मुळे अशा बदलाला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि इंजिन क्रमांक आरसीवर चढावा लागतो. कागद बघितल्याशिवाय तो पाना उचलत नाही. त्यानंतर दाबाचा विषय. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब पाव-अर्धा बार, इंजेक्शनचा तीन बारच्या आसपास. जुनी रबरी नळी आणि साधी होज क्लिप इथे सुटली, तर पेट्रोलचा फवारा थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. चढावर टाकीतले पेट्रोल मागे सरकते आणि पंप हवा गिळतो, म्हणून तो मध्ये एक छोटे साठवणीचे भांडे बसवतो. पुन्हा परतीची नळी आलीच, फक्त या वेळी पेट्रोलची.

अलीकडे त्यात इथेनॉलची भर पडली. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. जुन्या काळचे रबर त्याने फुगते, मऊ पडते, भेगाळते. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून जुनी जीप आली की तो रबराचा प्रत्येक तुकडा बदलायला लावतो आणि इथेनॉल सोसणारी महाग नळी घालतो. परवा एका बागायतदाराने त्या नळीच्या किमतीवरून बरीच हुज्जत घातली. त्याचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथेच इथेनॉल तयार होते.

“तुमचाच माल आहे मालक, तुमच्याच नळीत,” तो म्हणाला. “उसाचं बिल जमा झालं की द्या.”