यादीखालची सही

आपल्या देशात क्रिकेट खेळणारे पुष्कळ, पाहणारे त्याहून पुष्कळ. पण सर्वांत मोठी संख्या आहे ती संघ निवडणाऱ्यांची. खेळायला मैदान लागते. पाहायला तिकीट, निदान शेजाऱ्याचा टेलिव्हिजन तरी लागतो. संघ निवडायला काहीच लागत नाही. पानवाल्याच्या ठेल्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, गाडीच्या दाराशी एका हाताने दांडा धरून लोंबकळताना, फार काय, स्मशानातून परततानासुद्धा मी माणसांना संघ निवडताना पाहिले आहे. घरात आज भाजी कोणती करावी हे विचारण्याचीही ज्याची प्राज्ञा नाही, असा गृहस्थ पाचव्या क्रमांकावर कोणाला पाठवावे हे अगदी निःशंकपणे सांगतो.

मला हा छंद मोठा निरुपद्रवी वाटतो. शिवाय त्यात एक सोय आहे. या वादात कोणीच कधी हरत नाही. जो खेळतो तो केव्हा ना केव्हा शून्यावर बाद होतो, त्याच्या हातून झेल सुटतो. जो बाहेर बसलेला असतो त्याच्या हातून झेल कसा सुटणार? म्हणून मालिका हातची जाऊ लागली की वगळलेल्या खेळाडूंची सरासरी आपोआप वाढू लागते. चौथ्या कसोटीपर्यंत तर सगळे ब्रॅडमन बाहेरच राहिले आहेत अशी आपली खात्री होते.

आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, हे या शास्त्रातले अधिकारी पुरुष. तरुणपणी ते गिरगावातल्या एका चाळीत राहत आणि संध्याकाळी कचेरीतून आले की चहाच्या आधी संघ निवडत. आता ते नाहीत. पण त्यांच्या तोंडून ऐकलेली एक मालिका मला पाठ आहे. लोक जिंकलेल्या मालिकांच्या गोष्टी सांगतात. अण्णा हरलेलीची सांगत. रामायणात कुणाला लंकादहन आवडते, कुणाला राज्याभिषेक. अण्णांना वनवास आवडे. त्यांची लाडकी मालिका म्हणजे वेस्ट इंडीजचा संघ १९५८-५९ मध्ये हिंदुस्थानात आला ती.

त्या संघात हॉल आणि गिलख्रिस्ट हे दोन तोफखाने होते. कन्हाय, सोबर्स, बुचर हे फलंदाज होते. आपल्याकडे सुभाष गुप्ते होते, उम्रीगर होते, मांजरेकर होते. नव्हता तो एक कर्णधार. की होते ते फार होते म्हणू? मुंबईच्या पहिल्या कसोटीत गुलाम अहमद खेळू शकले नाहीत म्हणून पॉली उम्रीगर यांनी नेतृत्व केले आणि सामना अनिर्णित राखला. कानपूरला गुलाम अहमद आले. तिथे गुप्ते यांनी एका डावात १०२ धावांत ९ गडी बाद केले, तरीही आपण २०३ धावांनी हरलो. अण्णा हे सांगताना नऊ बोटे वर करीत आणि दहावे हळूच मिटून घेत. कलकत्त्याला कन्हायने एकट्याने २५६ धावा काढल्या, आणि आपण एक डाव आणि ३३६ धावांनी बुडालो. गुलाम अहमद यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला.

मद्रासची चौथी कसोटी २१ जानेवारी १९५९ रोजी सुरू व्हायची होती. कर्णधारपद पुन्हा उम्रीगर यांच्याकडे आले. हा सोलापुरात वाढलेला धिप्पाड पारशी गृहस्थ. भांडखोर म्हणून कोणी कधी त्याचे नाव घेतले नव्हते. विजय मांजरेकर खेळू शकणार नव्हते, तेव्हा त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न निघाला. उम्रीगर म्हणाले, फलंदाज गेला आहे तर फलंदाज द्या. मनोहर हार्डीकर यांना घ्या. क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह पडला जसू पटेल यांच्यासाठी, म्हणजे ऑफस्पिन गोलंदाजासाठी. रात्र झाली तरी गाठ सुटेना. तेव्हा सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगर यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. सकाळी नाणे उडवायला गेले ४१ वर्षांचे विनू मांकड. त्या सामन्यात अपूर्व सेनगुप्ता या लष्करातल्या तरुणाला पहिल्यांदा संधी मिळाली. दोन्ही डाव मिळून त्याच्या ९ धावा झाल्या आणि पुढे त्याच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. उम्रीगर त्या सामन्यात साधे खेळाडू म्हणून मांकडांच्या हाताखाली खेळले. आपण २९५ धावांनी हरलो.

दिल्लीच्या पाचव्या कसोटीला चौथा कर्णधार आला: पुण्यात जन्मलेले, लष्करात अधिकारी असलेले हेमू अधिकारी. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावा करून डाव सोडला. पण त्या ढिगाऱ्याखालूनही दोन-तीन कोंब वर आलेच. चंदू बोर्डे यांनी एका डावात १०९ धावा काढल्या आणि दुसऱ्यात ९६ वर ते हिट विकेट झाले. अधिकाऱ्यांनी अर्धशतक केले. एकोणीस वर्षांच्या, चणीने लहान अशा रमाकांत देसाईने आपल्या पहिल्याच कसोटीत ४ गडी बाद केले. सामना अनिर्णित राहिला आणि मालिका ३-० अशी गेली. पुढे १९५९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दत्ता गायकवाड कर्णधार झाले, लॉर्ड्सला त्यांच्या जागी पंकज रॉय उभे राहिले, आणि डिसेंबरात ऑस्ट्रेलिया आली तेव्हा रामचंद. साधारण वर्षभरात सात कर्णधार! एवढ्या वेळात आमच्या चाळीत नळाच्या वेळाही बदलल्या नव्हत्या, असे अण्णा म्हणत.

इथवर गोष्ट सरळ आहे. सज्जन कर्णधार, आडमुठे मंडळ. आपण सगळे कर्णधाराच्या बाजूचे. पण या कथेला एक शेपूट आहे, आणि ते मोठे अडचणीचे आहे. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला नव्याने घातलेल्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी त्या सामन्यासाठी आग्रहाने एका पस्तीस वर्षांच्या गोलंदाजाला बोलावले. तो गोलंदाज म्हणजे जसू पटेल. त्यांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ आणि दुसऱ्यात ५५ धावांत ५ गडी बाद केले. ऑस्ट्रेलियाला आपण कसोटीत हरवले ते त्या दिवशी प्रथम. एका डावातला तो भारतीय विक्रम पुढे १९९९ मध्ये अनिल कुंबळे यांनी दहा गडी घेईपर्यंत टिकला. आणि हार्डीकर? पदार्पणाच्या मालिकेत टाकलेल्या तिसऱ्याच चेंडूवर ज्यांनी कन्हायला पायचीत केले होते, त्या हार्डीकरांनी मुंबईसाठी वर्षानुवर्षे रणजी सामने गाजवले. पण पहिल्या दोन कसोट्यांनंतर तिसरी त्यांना मिळालीच नाही.

अण्णांची गोष्ट इथे आली की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हटकून म्हणे, "म्हणजे उम्रीगर चुकलेच की! पटेल एवढे चांगले होते तर भांडले कशाला?"

अण्णा पानाचा डबा मिटून म्हणत, "अरे, पटेल चांगला की हार्डीकर चांगला, हे भांडण नव्हतंच. उद्या सकाळी मैदानात जाणार कोण, शिव्या खाणार कोण, हे भांडण होतं."

लहानपणी मला हे उत्तर म्हणजे वादात सापडलेल्या माणसाची पळवाट वाटे. ते खरोखरीचे उत्तर आहे हे मला एका शाळेत कळले.

मी तिथे मराठी शिकवीत असे. आंतरशालेय क्रिकेटच्या सामन्यांसाठी आमच्या क्रीडाशिक्षकांनी अकरा मुलांची यादी केली होती. आदल्या संध्याकाळी वरून निरोप आला की व्यवस्थापनातल्या एका सभासदांचा भाचा खेळला पाहिजे. त्यासाठी शेजारच्या खेड्यातून सायकलने येणाऱ्या एका डावखुऱ्या मुलाचे नाव खोडावे लागणार होते. क्रीडाशिक्षक फारसे बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटले, "नाव बदला, माझी हरकत नाही. खाली सही मात्र बदलणाऱ्याने करावी." मुख्याध्यापकांनी पेन उघडले, थोडा वेळ ते हातात फिरवले, आणि मग सही केली. मला जादा शिक्षक म्हणून मुलांबरोबर पाठवले होते, म्हणून पुढचे मी डोळ्यांनी पाहिले.

वाचकांना वाटेल की तो भाचा आता शून्यावर बाद होणार. कथाकाराच्या हाती असते तर तसेच झाले असते. प्रत्यक्षात त्या मुलाने एक्केचाळीस धावा काढल्या आणि आमची शाळा जिंकली. पोरगा खरोखर चांगला खेळला. टाळ्या वाजवायला सर्वांत आधी उठले ते आमचे क्रीडाशिक्षकच. डावखुरा मुलगा बारावा गडी म्हणून आला होता. विश्रांतीत त्याने सर्वांना पाणी नेऊन दिले, भाच्यालासुद्धा. परतताना एस.टी.त तो सरांच्या शेजारी येऊन बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, माझं काय चुकलं?"

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी त्या मुलाला स्वतः वगळले असते तर ते सांगू शकले असते, "बाबा रे, तुझा चेंडू अजून आखूड पडतो," किंवा, "खेळपट्टी पाहून मला एक फलंदाज जास्त हवा होता." मुलगा रडला असता, रागावला असता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू घेऊन मैदानावर आला असता. इथे ज्याने वगळले तो शिव्या खायला हजर नव्हता, आणि जो हजर होता त्याने वगळले नव्हते. सर एवढेच म्हणाले, "हेडमास्तरांना विचार." मुलगा त्यांच्याकडे गेला नाही. आठवी-नववीतले पोर कुठे जाते त्या दाराशी?

त्या दिवशी मला वाटले, आपण इतकी वर्षे यादी वरून खाली वाचतो ती उलटी वाचली पाहिजे. यादीखालची सही निवडलेल्या अकरांसाठी नसतेच. त्यांना नाव मिळाले, ते खूष आहेत. कोणी का निवडले असेना. ती सही असते बाराव्यासाठी. त्याला कोणाच्या तरी डोळ्यांत पाहून विचारता आले पाहिजे, आणि त्या कोणीतरी मान न वळवता सांगितले पाहिजे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे मद्रासची ती रात्र आणि कानपूरची ती सकाळ यांत मला काही विरोध दिसत नाही. अमरनाथ यांनी पटेल यांना आणले तेव्हा ते स्वतः निवड समितीचे अध्यक्ष होते. पटेल अपयशी ठरले असते तर अख्ख्या देशाने अमरनाथ यांचेच नाव घेतले असते. मद्रासला मात्र आग्रह एकाचा आणि अपयश दुसऱ्याच्या नावावर, असा बेत होता. उम्रीगर यांनी तो मानला नाही. विजय मर्चंट यांचेही तेच. १९७१ मध्ये त्यांनी आपले निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकर यांना कर्णधार केले. ते मत कोणाचे, हे लहान पोरालाही ठाऊक होते. वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये वाडेकर हरते, तर मर्चंट यांना तोंड लपवायला जागा उरली नसती. दोन्हीकडे जिंकून ते परत आले हा भाग निराळा. जिंकणे-हरणे दैवाच्या हाती. सही आपल्या हाती.

आणि उम्रीगर? ते त्यानंतरही तीन वर्षे कसोटी खेळले. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी एका डावात ५ गडी बाद केले आणि दुसऱ्या डावात नाबाद १७२ धावा काढल्या, तेही कर्णधार नसताना. पुढे १९७८ च्या सुमारास ते स्वतःच राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. यादी करताना मद्रासची रात्र त्यांना आठवत असेल काय, हे मला अण्णांना विचारायचे राहून गेले. अण्णांनी काहीतरी सांगितले असतेच. त्यांच्याजवळ क्रिकेटच्या बाबतीत उत्तर नाही असा प्रश्न नव्हता.

हे सगळे मोठ्या मैदानावरचे झाले. पण हा कायदा आपल्या घरातही चालतो, आणि तिथे तो अधिक चोख पाळला जातो. या दिवसांत स्वयंपाकघरात डोकावून पाहा. चिवड्यात मीठ किती, अनारशाचे पीठ झाले की नाही, करंजीत खसखस घालायची की नाही, यावर घरातला प्रत्येकजण मत देतो. बाहेरच्या खोलीतून वडीलमाणसे देतात, माजघरातून मुले देतात. गृहिणी सगळ्यांचे ऐकून घेते आणि मीठ आपल्या हाताने घालते. चिवडा खारट झाला तर बोलणी कोणाला बसणार हे तिला पक्के ठाऊक असते. म्हणून चिमूटही तिचीच.

तेव्हा फराळाचे ताट पुढे घेऊन आपण खुशाल संघ निवडावा. सलामीला कोण, यष्टिरक्षक कोण, यावर शेजाऱ्याशी कडाकडा भांडावे. फक्त अकरावे नाव सांगून झाले की क्षणभर थांबून बारावे नाव आठवावे, आणि ते आपल्या समोर येऊन उभे राहिले तर त्याला आपण काय सांगू, याचाही विचार करून ठेवावा. तेवढे जमले की मग यादीखाली सही करायला हरकत नाही.