प्रथमश्रवण

घाईनें दिलेला निकाल कालांतरानें निकाल देणारासच बोचूं लागतो. शिक्षकाच्या धंद्यांत याचा अनुभव मला आला; परंतु त्याची खरी उमज ज्या निमित्तानें पडली, तें ऐकून वाचकांस हंसूं येईल. तें निमित्त म्हणजे एका इंग्रजी रॉक मंडळीची ध्वनिमुद्रिका होय.

२००० सालच्या दिवाळीस पुण्याला अभियांत्रिकी शिकणारा माझा पुतण्या घरीं आला, तो खट्टू होऊनच. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गांवीं एकत्र आलेल्या रेडिओहेड नामक पांच जणांवर त्याची मोठी भक्ति. १९९७ सालचा त्यांचा ‘ओके कम्प्यूटर’ हा गीतसंग्रह त्याला मुखोद्गत होता. त्याच ऑक्टोबरांत ‘किड ए’ हा नवा संग्रह निघाला होता.

“काका, यांत गिटार आहेच कुठें? नुसतीं यंत्रें बोलतात!” तो म्हणाला.

मीं पांच मिनिटें ऐकलें आणि “हा गळा आहे कीं बिघडलेला रेडिओ?” म्हणून त्याची थट्टा केली. माझ्यापुरता विषय संपला.

पुतण्याची तक्रार अगदींच निराधार नव्हती. गिटारवर कीर्ति मिळविलेल्या या मंडळींनीं तें वाद्य बरेंचसें बाजूस सारून विजेचीं वाद्यें आणि यंत्रावर रचलेले ताल जवळ केले होते. मुख्य गायक थॉम यॉर्क याचा आवाजहि कांहीं ठिकाणीं यंत्रांतून गाळून घेतलेला होता. आधींच्या संग्रहानंतरच्या दीर्घ दौऱ्यानें तो मनानें पार थकला होता व जुन्या वळणाचीं गाणीं त्याला नकोशीं झालीं होतीं. एकहि गाणें प्रसिद्धीसाठीं निराळें काढलें नाहीं. तरी इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत संग्रह विक्रींत पहिला आला.

टीकाकारांत मात्र उभी दुफळी माजली. लंडनच्या ‘मेलडी मेकर’मध्यें मार्क बोमाँट यांनीं पांचपैकीं दीड तारा दिला, अमेरिकेच्या ‘पिचफोर्क’नें दहापैकीं दहा गुण दिले. कादंबरीकार निक हॉर्नबी यांनीं ‘न्यू यॉर्कर’मध्यें लिहिलें, त्याचा आशय असा कीं, अशा कृतीस भक्ताची चिकाटी लागते आणि मनुष्य पगार आणूं लागला म्हणजे ती दुर्मिळ होते. पुढें २००९ सालीं ‘रोलिंग स्टोन’नें त्या दशकांतील सर्वोत्तम संग्रह म्हणून याचीच निवड केली. बोमाँट यांचें मत मात्र दहा वर्षांनंतरहि पालटलें नाहीं, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. आवड ही मतमोजणीनें ठरत नसते.

हॉर्नबींचें म्हणणें मला सेवानिवृत्तीनंतर पटलें. आतां पगार नाहीं, सवड आहे. गेल्या श्रावणांत पुतण्या चार दिवस घरीं आला असतां तोच संग्रह त्यानें पुन्हां लावला. एव्हांना तो त्याला प्रिय झाला होता. आम्ही दोघांनीं तो न बोलतां शेवटपर्यंत ऐकला. सर्व आवडला असें म्हणणार नाहीं. परंतु चौथ्या गाण्यांतील तंतुवाद्यांचा मेळ वर चढत गेला, तेव्हां मीं थट्टा केलेला तोच गळा मला एका एकाकी माणसाचा वाटला.

अभिनवगुप्तांनीं सहृदयाचें मन आरशासारखें स्वच्छ असावें असें म्हटलें आहे. आरशांत जुनीच प्रतिमा धरून बसलेल्यास नवें रूप दिसावें कसें? पुतण्याच्या आरशांत ‘ओके कम्प्यूटर’ होता. माझ्या आरशांत, खरें सांगावयाचें तर, एक विद्यार्थी होता.

हा मुलगा समासप्रचुर, डौलदार निबंध लिही. मला त्याचा फार अभिमान. एके वर्षीं आईच्या मृत्यूवर त्यानें अगदीं साध्या, तुटक वाक्यांत लिहिलें. मीं तांबड्या शाईनें शेरा मारला, “भाषेची घसरण.” गुणहि कापले. “बरं, गुरुजी,” एवढेंच तो म्हणाला. त्यानंतर त्यानें मला कांहींहि लिहून दाखविलें नाहीं.

ध्वनिमुद्रिका वीस-पंचवीस वर्षांनींहि पुन्हां लावतां येते. ती वही मजपाशीं नाहीं.