ओव्हर टु बाबा!

अकोल्याला आमच्या गच्चीपासून कडुलिंबापर्यंत वीस मीटरची तार ताणलेली असायची. शेजारच्या काकूंना वाटायचं, कपडे वाळत घालायला! ती बाबांची अँटेना. बाबा हॅम, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन लायसन्स मिळवलेले हौशी रेडिओवाले. 'सीक्यू, सीक्यू' म्हणजे 'कुणी आहे का?' अशी हाक मारत बसायचे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा, २००४ ची अंदमानातली त्सुनामी. फोन बंद पडले तेव्हा हॅम्सनी निरोप पोचवले, हे अभिमानानं सांगायचे. मला मात्र सगळं टोटल बोअर वाटायचं.

आई गेली आणि सेटवर कापड पडलं. पुण्याहून फोन केला की, "काऊन रे, जेवला काय?" एवढंच. संपलं!

शेवटी मीच परीक्षा दिली. लायसन्स आलं. सेक्रेटरींना चहा पाजून सोसायटीच्या गच्चीवर तार ताणली. बाबांना म्हटलं, "रविवारी सकाळी सात मेगाहर्ट्झवर या." "पाहू," म्हणाले.

रविवारी तीनदा सीक्यू दिला. नुसती खरखर. आणि मग चारशे किलोमीटरवरून, "फाइव्ह नाइन!" म्हणजे आवाज स्पष्ट, दणदणीत.

रेडिओवर समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत मध्ये बोलता येत नाही. आईच्या रोडग्यांपासून मेळघाटातल्या पावसापर्यंत बाबा वीस मिनिटं बोलले. मी फक्त ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

आता रविवारी आम्हाला फोन करू नका. लाइन बिझी असते.