टिकलीएवढा डाग

इंदुरात जन्म गेलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसांच्या जिभेला दोन घरे असतात. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. एरवी या येरझारीत काही बिघडत नाही. वर्गात मी कित्येक वर्षे दोन्ही भाषांतले सारखे दिसणारे, पण अर्थाने वेगळे शब्द फळ्यावर लिहून देत आलो. 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण, या उदाहरणावर मुले हमखास हसत. अशाच एका शब्दाने आपल्या घराला बोल लावावा, आणि तो शब्द आपल्याच तोंडून निसटलेला असावा, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते.

2018 सालच्या चैत्रातली गोष्ट. आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. कैरीची डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचे पातेले भरून ठेवले होते. तोंड धुऊन आरशापुढे उभ्या राहिलेल्या आमच्या सौभाग्यवतीने मला हाक मारली, "अहो, हे जरा बघता का?" दोन भुवयांच्या मधोमध, जेथे ती रोज टिकली लावी, नेमका तेथेच कातडीचा रंग उडाला होता. "कोड तर नसेल?" तिने हळूच विचारले. मला उत्तर सुचले नाही. तिने नेहमीपेक्षा मोठी टिकली काढली, डाग झाकला आणि ती बायकांच्या स्वागताला गेली.

पुढे पाच-सहा महिने हाच क्रम चालला. डाग वाढे, तशी टिकली वाढे. झोपतानाही ती टिकली काढीनाशी झाली. नात्यातल्या एका बाईंच्या सांगण्यावरून बावचीचे तेल लावून ती सकाळच्या उन्हात बसली, तर कपाळावर फोड आले. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनच दुकानातून एक मलम आले. ते आणणारा मीच. शाळेत मुलांना 'मनाने औषध घेऊ नये' असे सांगणारा मुख्याध्यापक तो हाच!

या काळात एका संध्याकाळी सज्जात उभा राहून मी धाकट्या भावाशी फोनवर बोललो, "तुझ्या वहिनीला बहुधा कोड आले आहे." शेजारचा सज्जा दोन हातांवर, आणि शेजारी हिंदीभाषी. मराठीत कोड म्हणजे कातडी पांढरी होणे. हिंदीत 'कोढ़' म्हणजे महारोग. दोन्ही शब्द संस्कृत 'कुष्ठा'चेच वंशज. आमच्याकडे एकाने एक अर्थ धरला, त्यांच्याकडे दुसऱ्याने दुसरा. आठवडाभरात शेजारची वाटी येईनाशी झाली. त्यांची नात आमच्याकडे पाढे म्हणावयास येत असे, तीही थांबली. आपले काय चुकले, हे सौ. मला रोज विचारी. कारण कळले ते बऱ्याच दिवसांनी, शेजाऱ्यांचा मुलगा जिन्यात भेटला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, कोढ़ का इलाज तो अब हो जाता है न?" वस्तुतः महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू होताच त्याचा संसर्ग थांबतो, तेव्हा महारोग असता तरी वाटी थांबावयाचे कारण नव्हते. पण ते बोलण्याइतके बळ त्या वेळी माझ्यात नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम कापसाचा बोळा डागावरून फिरवून स्पर्श कळतो की नाही ते पाहिले. महारोगाच्या चट्ट्याला बहुधा संवेदना नसते. येथे ती शाबूत होती. मग त्यांनी विचारले, "टिकली रोज एकाच जागी लावता? रात्री काढता? तिथे कधी खाजत होते का?" खाजत होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

दोष टिकलीच्या डिंकाचा होता. अशा चिकट द्रव्यांत पॅरा टर्शरी ब्युटिल फेनॉल नावाचे रसायन असू शकते. कातडीतल्या रंगपेशी टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून रंग तयार करतात. या रसायनाची घडण टायरोसिनशी इतकी मिळतीजुळती, की त्या पेशी फसतात, त्यावर काम करू पाहतात आणि त्यातच मरतात. सर्वांना हे होत नाही. असंख्य स्त्रिया जन्मभर टिकली लावतात आणि त्यांना काही होत नाही. अमेरिकेत चामडे कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर रबरी हातमोज्यांतल्या अशाच एका रसायनाने पांढरे डाग पडल्याची नोंद 1939 सालची आहे. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे घडते. डाग झाकण्यासाठी आम्ही जी वस्तू वाढवीत होतो, तीच डाग वाढवीत होती.

बाईंनी त्याच टिकल्यांचे तुकडे आणि इतर काही द्रव्ये सौ.च्या पाठीवर पट्टीखाली चिकटवून 48 तास ठेवली. यादासोन या जर्मन वैद्याने 1895 साली मांडलेली ही चाचणी आजही वापरतात. टिकलीखाली लाल, खाजरा चट्टा उठला. उपचार म्हणून टॅक्रोलिमसचे मलम मिळाले आणि मी आणलेली नळी कचऱ्यात गेली. तिच्यात स्टिरॉइड होते, आणि ते चेहऱ्यावर देखरेखीवाचून लावीत राहिल्यास कातडी पातळ होते. सर्वांत मोठे पथ्य म्हणजे चिकट टिकली कायमची बंद.

यावर "पण मोकळ्या कपाळाने चारचौघांत..." असे म्हणाला तो सुशिक्षित मीच. घरी मी हे आईला कसे सांगावे या विवंचनेत होतो. ऐंशीच्या घरातली माझी आई म्हणाली, "अरे, चिकटवायची ती टिकली म्हणजे कुंकू थोडेच? आम्ही मेणावर कुंकू लावत होतो." तिने हळकुंडे, लिंबाचा रस, टाकणखार जमवून गच्चीवर कुंकू वाळत घातले. बाजारच्या कुंकवातले रंगही कित्येकींना बाधतात. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावले, की हळदीचेही कोणाला वावडे असते. आधी दंडावर लावून पाहा. ते पाहिले, काही झाले नाही.

नऊ महिन्यांत डागाच्या कडेने तिळाएवढे तपकिरी ठिपके उमटू लागले आणि हळूहळू एकमेकांत मिळाले. मधला मसुरीएवढा पांढरा भाग अजून तसाच आहे. तो भरेलच असे बाई म्हणत नाहीत. शेजारी मी स्वतः जाऊन 'कोड' आणि 'कोढ़' यांतला फरक समजावून आलो. तेथेही माझा व्याकरणाचा तास जरा लांबलाच. त्यांच्या नातीचे तेरापर्यंतचे पाढे आता पाठ झाले आहेत. सौ. सणावारी करंगळीने आईचे कुंकू लावते आणि एरवी कपाळ मोकळे ठेवून बाजारात जाते. कोणी विचारले तर ती डाग दाखवूनच सांगते.