उपसा

माझ्या मामेभावाने नागपुरास बंगला बांधला, आणि बंगल्यामागे पोहण्याचा तलाव. तलाव म्हणजे काही तळे नव्हे. आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढा निळ्या फरशीचा हौद. गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो होतो. फराळाची ताटली हातात देऊन दादाने मला त्या हौदाच्या काठी बसवले आणि चिवडा संपेपर्यंत पाणी या विषयावर असे काही प्रवचन केले की, वीस वर्षे मास्तरकी करूनही आपल्याला असे अखंड बोलता येत नाही याची मला लाज वाटली.

रोज सकाळी जाळीने पाने काढायची. काठाशी तेलकट रेघ धरते, ती घासायची. भिंतींना ब्रश मारायचा, नाहीतर आठ दिवसांत शेवाळ धरते आणि मग ते निघता निघत नाही. पाणी वाळूतून गाळणारे यंत्र रोज काही तास चालवायचे. त्याच्या दाबाचा काटा वर चढला की पाणी उलटे सोडून वाळू धुवायची. एक कागदाची पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या आत हवा. कमी झाला तर डोळे चुरचुरतात, जास्त झाला तर क्लोरीन असूनही त्याचे काम मंदावते. क्लोरीन टाकायचे ते संध्याकाळी, कारण ऊन ते खाऊन टाकते.

"आणि वास येतो तो?" मी विचारले. मला वाटे, वास जितका उग्र तितके पाणी स्वच्छ.

दादा हसला. "तो वास क्लोरीनचा नव्हे. घाम आणि मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास सुटतो. वास आला म्हणजे समजावे, पाण्यात माणसे फार झाली आणि क्लोरीन कमी पडले."

रसायनशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरती. मी मान डोलावली. पुढे कळले की हे सगळे दादाला शिकवले एका पोराने. तो सकाळी सायकलवर येतो, जाळी फिरवतो, ब्रश मारतो आणि निघून जातो. घरची मंडळी वर्षातून आठ-दहा वेळा पोहतात. तो पोरगा रोज येतो आणि त्याला पोहता येत नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचे बरे. तुमची विहीर आहे. तिला काय करावे लागते?"

मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर दिवाळीच्या पंगतीत सांगण्याजोगे नव्हते. ते आज सांगतो.

यवतमाळला आमच्या घराच्या मागच्या अंगणात आजोबांनी खणलेली विहीर आहे. काळ्या दगडाने बांधलेली, तीन मीटर व्यासाची. पूर्वी तिला पाण्यापर्यंत पायऱ्या होत्या. नारूच्या भयाने आजोबांनी त्या बुजवल्या आणि रहाट बसवला. आजच्या मुलांना नारू ठाऊक नाही, हे त्यांचे भाग्य. नारू झालेला माणूस पायऱ्यांवरून पाण्यात पाय बुडवी, जखमेतून त्या जंताची पिले पाण्यात सुटत, पाण्यातले बारीक किडे ती गिळत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांबीचा दोरा बाहेर पडे. महाराष्ट्रातही हा रोग होता. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. त्यामागे मोठे औषध नव्हते. पाणी गाळण्याचे फडके होते, आणि बुजवलेल्या पायऱ्या होत्या.

बाबा दर वैशाखात विहीर उपसून घेत. पाणी तळाला गेलेले असे तेव्हाच गाळ निघतो. त्या दिवशी आम्हां मुलांना सण वाटे. वर्षभरात पडलेल्या कळश्या, चमचे, एखादी पितळी वाटी वर आली की आई ती चिंचेने घासून जागेवर ठेवी, जणू कालच हरवली होती. आमच्या विहिरीत एक कासवही होते. ते पाणी स्वच्छ ठेवते अशी समजूत. आता कायद्याने ते पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग घरात नळ आला. पुढे बाबा गेले. विहिरीचे पाणी भांडी-धुण्यापुरते उरले, मग तेवढेही नाही. मी तिच्यावर पत्रा टाकला. पत्रा टाकला की विहीर दिसत नाही, आणि दिसत नाही ती वस्तू घरात नसल्यासारखी होते. शेजारपाजारचे लोक पत्रा सरकवून निर्माल्य टाकू लागले. गणपतीची दूर्वा, सत्यनारायणाची केळीची पाने, आणि ती ज्या पिशव्यांतून येत त्या पिशव्याही. मी पाहत होतो. कोणाला बोललो नाही. मीही एकदा गौरीची फुले तिथेच टाकली.

२०१७ च्या पावसाने दगा दिला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळचे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटले. त्या दिवसांत शहराने काय सोसले ते यवतमाळकराला सांगायला नको. नळ दिवसचे दिवस कोरडा. रात्री दोनला टँकर येणार अशी आवई उठे आणि सगळी गल्ली गुंड्या-बादल्या घेऊन रस्त्यावर. एके रात्री आई रिकामी घागर घेऊन परत आली आणि म्हणाली, "घरात विहीर असून मी रस्त्यावर उभी राहते. तुझे बाबा असते तर त्यांना काय वाटले असते?"

दुसऱ्याच दिवशी मी विहिरी उपसणाऱ्या दोघा भावांना बोलावले. एप्रिल अखेर होती. माझी निकालपत्रके भरायची राहिली होती आणि मी घाईत होतो. पत्रा काढला तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला. थोरल्याने धाकट्याच्या कमरेला दोर बांधला आणि मला विचारले, "गुरुजी, कंदील असंन ना घरी?"

मी म्हटले, "आता कंदील कुणाच्या घरी असतो, बाबा? थांब, चांगली बॅटरी देतो."

आणि मी घरातून मोठी बॅटरी आणून दिली. वाचकहो, इथे क्षणभर थांबा. ज्वलनाला प्राणवायू लागतो, हे मी दरवर्षी वर्गात मेणबत्तीवर पेला उपडा घालून दाखवतो. मुले टाळ्या वाजवतात. आणि तोच मी, विहिरीत उतरणाऱ्याला कंदील उजेडासाठी हवा असे समजलो! बॅटरी कुठेही जळते. कुजलेल्या विहिरीत तळाशी जड वायू साचतो, प्राणवायू उरत नाही. तिथे कंदील विझतो आणि माणसाला वर राहायला सांगतो. बॅटरी काही सांगत नाही.

थोरला क्षणभर घुटमळला. पण मास्तरांशी वाद कोण घालणार? धाकटा उतरला. "पाणी दिसते," असे त्याने खालून सांगितले. मग काहीच बोलला नाही. दोराला एकदम ओझे आले. थोरल्याने हाक मारली, उत्तर नाही. तो कठड्यावर चढून आत उडी घेणार तोच आईने त्याचा सदरा मागून धरला. सत्तरीची बाई, पण अशी ओरडली की सारी गल्ली धावून आली: "तू उतरू नकोस! दोर ओढ! दोर ओढ!"

अशा विहिरींत एकामागून एक माणसे जातात ती याच पायी. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. हे आईला कुणी शिकवले होते कोण जाणे. पाच जणांनी मिळून धाकट्याला वर काढले. ओठ काळेनिळे पडले होते. अंगणात उघड्यावर निजवल्यावर थोड्या वेळाने त्याने मोठा श्वास घेतला, तसा श्वास मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. दवाखान्यात दोन दिवस राहून तो घरी गेला. पैसे मी दिले. पैसे देणे सर्वांत सोपे होते.

मला वाटले, आता ते दोघे आमच्या दाराशी फिरकणार नाहीत. चौथ्या दिवशी थोरला आला, कंदील घेऊन. मांडववाल्याकडून मोठा पंखा आणून आम्ही दिवसभर आत हवा घातली. कडुनिंबाच्या फांद्या दोराला बांधून खाली-वर केल्या. कंदील सोडला की अर्ध्यावरच ज्योत पिवळी पडे, आखडे, विझे. तीनदा विझला. संध्याकाळी चौथ्यांदा सोडला तेव्हा तळाशी जाऊनही जळत राहिला. तरीही थोरला त्या दिवशी उतरला नाही. "कंदिलाले काई सगळंच नाई समजत," तो म्हणाला. काही वायू ज्योत न विझवताही माणूस पाडतात. तो उतरला दुसऱ्या दिवशी, पंखा चालू ठेवून, कमरेला दोर आणि वर चार माणसे. पाणी उपसायचे यंत्रही बाहेरच, आणि विजेचे. डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवले तर त्याचा धूरच जीव घेतो.

निघाले ते काय सांगू? फ्रेम मोडलेल्या तसबिरी, नारळ, प्लास्टिकच्या पिशव्यांचा थरावर थर, आणि सर्वांत खाली बाबांच्या वेळची रहाटाची साखळी. गाळ संपला तसे कातळाच्या फटीतून झरे दिसू लागले. तिसऱ्या दिवशी दोन मीटर पाणी चढले.

मग ब्लीचिंग पावडर. हा हिशेब मी जूनमध्ये सातवीच्या वर्गात फळ्यावर घातला: व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर, म्हणजे पाणी सुमारे १४,००० लिटर, हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, मग पाणी वाढवून ढवळायचे, दहा मिनिटांनी चुना तळाला बसला की वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत खाली-वर हलवायची, आणि तासभर पाणी काढायचे नाही. चुना विहिरीत टाकायचा नाही. मुलांनी उत्तर बरोबर काढले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारले, "गुरुजी, पण व्यास मोजायला आत कोण उतरलं होतं?"

मी म्हटले, व्यास वरूनही मोजता येतो. ते खरेच आहे.

आता विहिरीवर पत्र्याऐवजी लोखंडी जाळी आहे. हवा जाते, पिशवी जात नाही. निर्माल्यासाठी आईने कोपऱ्यात खड्डा केला आहे आणि गल्लीला तो सांगितला आहे. आईचे सांगणे गल्ली ऐकते. दर वैशाखात दोघे भाऊ येतात. धाकटा आता स्वतः उतरत नाही, वर दोर धरतो. पण कंदील तोच आणतो, आणि आता कुठेच न मिळणारे रॉकेल कुठून तरी बाटलीत आणतो. कंदील पेटवून काच पुसतो, माझ्याकडे पाहतो आणि हसून म्हणतो, "गुरुजी, ब्याटरी नका आणू बरं."

मग कंदील हळूहळू खाली जातो. आम्ही सगळे कठड्यावर वाकून पाहतो. तळाच्या पाण्यात दुसरी ज्योत दिसते आणि पहिली तिच्या जवळजवळ जाते. तोवर कोणी बोलत नाही.